दोन हॉर्न

साहेब : …म्हणून सांगतो, वाचत बसू नकोस. दहाच ओळी आहेत, खाली सही कर आणि मोकळा हो.

मिस्त्री : अकरा आहेत, साहेब. मला वाचता येत नाही हे तुम्हीच परस्पर ठरवून टाकलंत, मी कधी म्हटलं नव्हतं. अकराव्या ओळीत लिहिलंय, दवाखान्याच्या छज्ज्याचे टेकू मी माझ्या मर्जीनं आठव्या दिवशीच काढले, म्हणून काल दुपारी छज्जा खाली आला.

साहेब : मग? आला ना खाली?

मिस्त्री : आला की. पण टेकू निघाले एकविसाव्या दिवशी. तारीख तुमच्या लेकीनंच वहीत टिपलीय. विचारा.

लेक : हो बाबा. एकविसावा दिवस. शिवाय त्यानंतर दोन महिने छज्जा उभा होता.

साहेब : तू ऑफिसची इंजिनिअर आहेस की ह्याची वकील?

लेक : तारीख लिहायला तुम्हीच शिकवलंत.

साहेब : हे बघ मिस्त्री, बारा वाजता चौकशीची माणसं येतात. त्यांना कारण हवंय, आणि एकच हवंय. चार कारणं दिली की ती माणसं खोदत बसतात.

मिस्त्री : मग कबुतराचं नाव द्या ना. पहारेकरी सांगतो, पडायच्या आधी वर एक कबूतर येऊन बसलं होतं. त्याला सहीही येत नाही, बायकापोरंही विचारायला येणार नाहीत.

साहेब : चेष्टा सुचतेय तुला!

मिस्त्री : चेष्टा माझी कुठली? दवाखान्याच्या दारात माणसाचा पाय मोडला, आणि दवाखान्याचं उद्घाटन व्हायचंय म्हणून त्याला रिक्षात घालून दुसरीकडे न्यावं लागलं. एवढी मोठी चेष्टा माझ्या बापजन्मात जमायची नाही.

साहेब : देवाची कृपा म्हण, जीव वाचला.

मिस्त्री : कृपा त्याचीच, शंभर वेळा म्हणतो, हात जोडून म्हणतो. पण कृपा त्याची म्हणून चूकही त्याच्याच पदरात टाकू नका. त्यानं नकाशावर शिक्का मारलेला नाही.

साहेब : नकाशा बिनचूक आहे! पुन्हा तपासला मी रात्री. आकडा न् आकडा बरोबर.

लेक : नकाशा बरोबरच आहे, बाबा. मीही तपासला. पुढं खांब नाही, सगळा भार मागच्या तुळईवर. हात लांब करून बादली धरली की खांद्याच्या वरच्या बाजूला ओढ बसते, तसं. म्हणून सगळ्या सळ्या वरच्या अंगाला दाखवल्यात. पण काल ढिगाऱ्यात पाहिलं तर त्या खालच्या अंगाला होत्या. कशा गेल्या खाली?

मिस्त्री : पायांनी गेल्या, ताई. सळ्या वर बांधल्या होत्या, माझ्या हातानं. मग काँक्रीट ओतायला वीस माणसं पाट्या घेऊन त्यांच्यावरूनच नाचली. सळ्या बसल्या खाली. वरून काँक्रीट पडलं, थापीनं गुळगुळीत केलं. आता सांगा, आरशासारखा पृष्ठभाग, कोणाला काय दिसणार?

लेक : ओतायच्या आधी आणि ओतताना इंजिनिअरनं वर चढून बघायचं असतं.

मिस्त्री : असतं.

लेक : बाबा?

साहेब : मी गेलो होतो. नोंद आहे. सकाळी साडेनऊ, पाहणी केली, परवानगी दिली.

मिस्त्री : आले होते, ताई, साहेब खोटं बोलत नाहीत. गाडी फाटकापर्यंत आली. काच खाली झाली, चार बोटं. मग दोन हॉर्न वाजले.

लेक : दोन हॉर्न?

मिस्त्री : तुम्ही नवीन आहात. एक हॉर्न म्हणजे मिस्त्री, इकडे ये. दोन हॉर्न म्हणजे सगळं ठीक, ओता. अकरा वर्षं ह्याच मंजुरीवर कामं चाललीत आपली. एकदा मागून दुधाच्या टेम्पोनं दोनदा वाजवला, तर आम्ही अर्धा जिना ओतून मोकळे झालो होतो.

लेक : बाबा, हे खरं आहे?

साहेब : अगं, चिखल असतो साइटवर. एका दिवसात सहा साइट असतात. अनुभवी माणसाला लांबून कळतं.

मिस्त्री : कळतं ना. डॉक्टरांनाही रस्त्यावरूनच हॉर्न वाजवून ताप कळत असेल. आपण उगीच रांगेत बसतो.

साहेब : आणि तू? तुला कळत नव्हतं सळ्या बसल्यात ते? तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?

मिस्त्री : कळत होतं. पाय घातला तेव्हाच कळलं. काम थांबवून वर उचलायला दोन तास गेले असते. म्हटलं, साहेबांनी हॉर्न दिलाय, आपण कोण? तेवढं पाप माझं, ते मी माझ्या शब्दांत लिहून देतो. तुमचंही माझ्याच कागदावर का लिहिताय, एवढंच विचारतो.

साहेब : बरं, बरं, शब्द बदलू. घाई कर. दहाला पाच कमी आहेत.

मिस्त्री : सही करतो, साहेब. पण इथं उन्हात कागद डोळ्यावर चमकतोय. चला ना, त्या सावलीत बसू. समोरच्या वाचनालयाच्या छज्ज्याखाली. दोन खुर्च्याही टाकल्यात, थंडगार आहे.

साहेब : इथं बरं आहे.

मिस्त्री : घाम निथळतोय तुमचा.

साहेब : म्हटलं ना, इथं बरं आहे! गाडीच्या बॉनेटवर ठेव कागद.

लेक : बाबा… हा छज्जा कोणत्या नकाशावरून झाला?

मिस्त्री : त्याच. दवाखान्याचा आणि हा, जुळे भाऊ. तीच लांबी, तीच जाडी, तीच वीस माणसं, तीच पावलं.

लेक : आणि हॉर्न?

मिस्त्री : दोन.

लेक : म्हणजे ह्याच्याही सळ्या…

साहेब : असं काही सिद्ध झालेलं नाही! दोन महिने उभा आहे तो. काही झालंय का?

लेक : दवाखान्याचाही दोन महिने उभा होता. काका, दहा वाजता कोण येतं इथं?

मिस्त्री : पेपर वाचणारे आजोबा. नऊ-दहा जण. आत पंखा एकच, म्हणून बाहेर ह्याच सावलीत पानं वाटून घेतात. ते बघा, काठी टेकत एक निघालेच. पहिलं पान मिळावं म्हणून रोज लवकर.

लेक : बाबा, वाचनालय बंद करायला सांगा. आत्ता.

साहेब : आणि बारा वाजता काय सांगू? एक पडला आणि दुसऱ्याची मला आधीच शंका होती? स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा दाबू? एकदा चौकशी निवळू दे. मग रविवारी शांतपणे येऊन, वर जरासं फोडून बघू.

लेक : म्हणजे रविवारपर्यंत सुरक्षित आहे?

साहेब : आहे.

लेक : तुमच्या शिक्क्यावर?

साहेब : हो, माझ्या शिक्क्यावर!

लेक : ठीक आहे. काका, कागद द्या इकडे. नीट लिहायला टेबल-खुर्ची हवी. मी तिथं बसून लिहिते.

(ती छज्ज्याखाली जाऊन खुर्चीत बसते आणि पेनाचं टोपण काढते.)

लेक : खरंच थंड आहे हो इथं. हं, सांगा बाबा. पहिली ओळ?

साहेब : ऊठ.

लेक : ऐकू येत नाही!

साहेब : ऊठ तिथून! आधी ऊठ! बाहेर ये म्हणतो ना… अगं, ऐक माझं, पोरी, हात जोडतो, बाहेर ये!

मिस्त्री : या ताई, या बाहेर. झालं काम. साहेबांनी तपासणी केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, पण केली.

साहेब : …ते आजोबा. त्यांना अडव कोणीतरी. फाटक लावून घे.

मिस्त्री : लावतो. आजोबा, आज पेपर कट्ट्यावर! हो, पहिलं पान तुम्हालाच.

साहेब : टेकू किती आहेत तुझ्याकडे?

मिस्त्री : मागच्या आवारात चौदा. माणसं दोन. तिसरं मिळालं तर तासाभरात उभे होतील.

साहेब : तिसरा मी आहे.

मिस्त्री : बूट खराब होतील. मागं चिखल आहे.

साहेब : चल पुढं, बोलू नकोस.

लेक : बाबा, आणि हा कागद? बाराला माणसं येतील. काय लिहू?

साहेब : टेकूची ओळ खोड. लिही, दोन्ही छज्ज्यांच्या वेळी मी गाडीतून उतरलो नाही.

लेक : एवढंच?

साहेब : तेवढंच तर केलं होतं मी.