फोड वाळेपर्यंत

अहो, तुम्ही बदलीला घाबरता. मी तर मुरगुडात ओलीस राहिलोय! महाराजांच्या संस्थानात तेव्हा मी गावोगाव देवीची लस टोचत फिरायचो. तिथं बोलवा उठली होती, की टोचलं की ताप येतो आणि पोर दगावतं. मला बघताच दारं लागायची.

उघडं राहिलं ते एकट्या कुलसुमबीचं. ती गावची सुईण, निम्म्या गावाची बाळंतपणं तिनंच केलेली. देवीच्या साथीत तिची लेक गेली होती. आता मांडीवर लेकीची लेक होती, अमिना.

"हिला टोच," ती म्हणाली, "पर टोचल्याचा फोड वाळंस्तवर हितनं हलायचं न्हाईस. हाय कबूल?"

"कबूल."

काही दिवसांनी अमिनाला ताप चढला. तो येणार हे मला माहीत होतं. दाराशी बायका जमल्या. एक ओरडली, "आता पळंल बघा ह्यो!"

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलो. ताप उतरला, फोडावर खपली धरली. मग एका सकाळी अंगणात त्याच बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या.

मी खुशीत म्हणालो, "बसला म्हणायचा लसीवर विश्वास!"

"लशीतलं आमाला काय कळतंय?" कुलसुमबी म्हणाली. "तुज्या आदी आलेला टोचून गेला, पोरं तापली तरी तोंड दावलं न्हाई. तू बसलास की, लेका."