बावडी, बारा पाहुने आन माझी पावडर

मी मूळचा देगलूरकडचा. गावाचं नाव सांगून बी तुम्हाला कळनार न्हाई ताई, तिथून जरा पुढं गेलं की तेलंगाना लागतो, म्हनून आमची बोली अशी मिसळीची, घरात मराठी, बाजारात तेलुगू, आन इथं हैदराबादला आल्यावर त्यात दखनी बी घुसली, माझी नात हसते, म्हनते आजोबा तुमची मराठी पुस्तकात नसते. म्हनलो, तुला पुस्तक तरी कुठं वाचता येतंय. तर माझा आजा मोट हाकायचा, दुसऱ्याच्या विहिरीवर. मोटेच्या नाड्याला नुसता हात लावून सांगायचा पानी किती खाली गेलंय ते, वाकून बघायचा सुद्धा न्हाई. बाप इथं आला, कोठीच्या बाजारात हमाली केली, अंबरपेठच्या मागं ह्या गल्लीत खोली घेतली, आन मी चिकटलो पान्याच्या खात्यात. वॉलमन. म्हंजे रस्त्यातलं झाकन उघडायचं, ही एवढी लांब लोखंडी चावी घालायची, फिरवायची, की एका मोहल्ल्यात पानी चालू आन दुसऱ्यात बंद. एकतीस वर्षं तेच केलं. ज्याचं बंद केलं त्याच्या शिव्या खाल्ल्या, ज्याचं चालू केलं तो कधी शाबास म्हनला न्हाई. माझा स्वभाव तापट हाय, मी बी शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू.

आता बावडीचं सांगतो. गल्लीच्या टोकाला ही पायऱ्यापायऱ्यांची दगडी विहीर, कुनी बांधली देव जाने, कुनी नवाबाचं नाव घेतं, कुनी त्याच्या दिवानाचं. आम्ही आलो तवा ती उकिरडा व्हती. फाटक्या गाद्या, मेलेली कुत्री, लग्नातल्या पत्रावळ्या, सगळं तिच्यात. मग एका उन्हाळ्यात टँकर येईना, बाया घागरी घेऊन माझ्याच दारात बसल्या, मी वॉलमन ना, जसं काय पानी माझ्या खिशात हाय. तवा यादम्मा, समोरची, इस्त्रीचं काम करते, ती म्हनली अन्ना, तुझी चावी राहू दे, आपन बावडी उपसू. मी हसलो तिला. पन ती उतरली की पायऱ्या. तिच्यामागं रझिया आपा, आमच्या भिंतीला भिंत, तिचा मालक शिवनकाम करायचा, आता न्हाई बिचारा. तिच्यामागं आमची सुलोचना, माझी बायको. बाया उतरल्यावर गडी काय वर उभं राहनार, आम्ही बी उतरलो. अडीच महिने गाळ काढला ताई. आन एका सकाळी खालच्या दगडातून झरा फुटला, निव्वळ थंड पानी, मी तिथंच गाळात बसून रडलो, हौ, रडलो.

पाहुने यायला लागले ते असंच, कुनी बोलावलं न्हाई. नारायनगुड्याच्या एका शाळेतल्या बाई पोरं घेऊन आल्या बघायला, पोरांना भूक लागली, रझिया आपानं खिचडी आन वर चिंचेचा खट्टा केला, सुलोचनानं धपाटे थापले, पोरं खुश. बाईनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. मग बायांनी बसून कायदा केला, त्यात माझं कुनी ऐकलं न्हाई. फक्त इतवारी. बारा मानसं, तेरावं नक्को, कारन पायऱ्यांवर त्याहून जास्त झाले की गलका व्हतो आन गल्लीतल्या म्हाताऱ्यांना त्रास. दर इतवारी एका घराची पाळी, तेच घर दाखवनार, तेच जेवू घालनार. बतुकम्माच्या, म्हंजे तेलंगानातल्या बायांच्या फुलांच्या सनाच्या दिवसात पायऱ्या फक्त बायांच्या. आन प्रत्येक पाहुन्यानं एक बादली पानी शेंदून गल्लीच्या हौदात टाकायचं, त्याबिगर चहा न्हाई. मोठमोठे लोक यायचे, गाडीवाले, हातात दोर धरून घाम पुसायचे, आन खूश व्हायचे, मला तर वेडेच वाटायचे.

पान्यात मासे झाले, पोरांनी सोडलेले, आन दोन कासवं. कासवं यादम्माच्या भावानं आनली, म्हनला आमच्याकडं विहिरीत कासव ठेवतातच, पानी साफ राहतं. सगळ्यात आधी पाहुने तेच विचारायचे, कासव कुठंय.

असं चाललं व्हतं. मग सरकारी हापिसातून कळलं, जुन्या बावड्या कुनाच्यातरी हवाली करनार, सांभाळायला आन लोकांना दाखवायला. आम्ही बी अर्ज दिला, गल्लीच्या नावानं. एका कंपनीनं बी दिला. त्यांचा मानूस आलता बघायला, इस्त्रीचा शर्ट, तोंड गोड. म्हनला इथं फाटक लावू, तिकीटघर करू, रंगीत लाइटी, गानी, पान्यात छोटी होडी. यादम्मानं विचारलं आमचं काय. म्हनला तुम्हाला काम देऊ की अम्मा, झाडू मारायचं. आन जाता जाता काय म्हनला माहितेय, पानी हिरवं हाय, वास मारतंय, एवढ्या कारनावरून तुमचा अर्ज उडेल.

काय सांगू तुम्हाला, हे माझ्या डोक्यात गेलं. एकतीस वर्षं पान्यात घालवलेला मानूस मी, आन हा कालचा पोरगा माझ्या पान्याला वास मारतो म्हनतो. पुढच्या इतवारी हापिसातल्या मॅडम येनार व्हत्या, बघून त्या ठरवनार बावडी कुनाला द्यायची. शनिवारी दुपारी मी माझ्या जुन्या सोबत्याकडं गेलो, पंपाच्या ठिकानी, आन ब्लीचिंग पावडरची गोनी आनली. तीच पावडर, टाकीत घालतो ती. सगळे दुपारचे आडवे झालते. मी गोनी खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरलो आन टाकीच्या मापानं, वरून दोन मुठी जास्त, सगळी बावडीत ओतली, बांबूनं ढवळली. कुनाला बोललो न्हाई. म्हनलो उद्या सगळ्यांना दाखवू हा मारोती काय चीज हाय. टाकीत मासे नसतात, हे माझ्या टाळक्यात आलंच न्हाई, आईशप्पथ न्हाई.

इतवारी उजाडता उजाडता रझिया आपाची हाक आली, भाई, इधर आओ. मी धावलो. आन ताई, पयल्यांदा मला आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते पन सांगतो. पानी असं स्वच्छ, खालच्या पायऱ्यांचे दगड मोजावेत. मग दिसले मासे. पांढरी पोटं वर करून, सगळ्या पान्यावर. नाकात झोंबनारा वास. कासवं कुठंच न्हाईत. यादम्मा पायरीवर बसून रडायली, लहान मूल गेल्यासारखी. सुलोचना आली, बघितलं, आन माझ्याकडं वळून हळूच विचारलं, अहो, तुम्ही काही टाकलं का?

न्हाई म्हनलो मी. चटकन निघून गेलं तोंडातून.

तेवढ्यात कुनीतरी म्हनलं, हे कंपनीवाल्याचं काम हाय, त्यालाच पाहिजे व्हतं आपलं पानी खराब. झालं, सगळ्या गल्लीनं ते उचललं. रझिया आपा म्हनली मॅडमला सांगू, पोलिसात जाऊ. पोरं म्हनली पेपरात देऊ. आन मी काय केलं, मी मान डोलावली ताई. तोंडानं काही बोललो न्हाई, नुसती मान डोलावली. मनात हिशोब चालू व्हता, कंपनीवर गेलं तर त्यांचा अर्ज उडतोय, बावडी आपली व्हतेय, कुनाचं काय बिघडलं. सुलोचना माझ्याकडं बघायली नव्हती. पीठ मळायली व्हती, त्या दिवशी आमचीच पाळी व्हती ना.

बारा पाहुने आले, मॅडम आल्या, कंपनीवाला बी आला. गल्ली पेटलेली. सगळे एकदम बोलायले, ह्यानं विष टाकलं, ह्यानं विष टाकलं, आन तो पोरगा पांढराफटक पडला, हात जोडून म्हनायला लागला मी न्हाई, माझ्या आईची शपथ मी न्हाई. त्याचा तो चेहरा बघितला आन माझ्यानं राहवलं न्हाई. नावडता व्हता तो मला, पन आईची शपथ खायला लावायची पाळी मी आनली त्याच्यावर. मी पुढं झालो.

मॅडम, मी टाकली पावडर. ह्यानं न्हाई. माझ्या घरच्यांना सुद्धा माहीत न्हाई.

रझिया आपानं तोंडावर पदर घेतला. मॅडमनी पान्याकडं बघितलं आन विचारलं, आता काय करनार? म्हनलो उपसनार. झरे जिवंत हायत, जुनं पानी काढलं की नवं येतंय, माझ्या आज्यानं आयुष्यभर तेच केलं. त्या कंपनीवाल्याकडं वळल्या, तुमच्याकडं असं झालं तर? तो बिचारा खरं बोलला, म्हनला ठेकेदाराला फोन करू, सोमवारी मानूस येईल. मग त्यांनी यादम्माला हाक मारली, तिलाही तेच विचारायला. पन यादम्मा कुठं व्हती? ती कासोटा मारून कधीच खाली उतरलती, बादली भरून वर द्यायली व्हती, तिला हाक ऐकूच गेली न्हाई.

मग सगळेच लागले. दोन दोर, आठ बादल्या, पायरीपायरीवर मानूस. बारा पाहुन्यांना आम्ही म्हनलो तुम्ही जावा, आज काही दाखवायला न्हाई, तर ते प्यांटी वर दुमडून रांगेत उभे. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, चष्मेवाल्या, त्या म्हनल्या मी मेलेले मासे गोळा करते, मला जमेल ते. कंपनीवाल्यानं बी दोन-चार बादल्या ओढल्या, उगं कशाला न्हाई म्हनू. मॅडम दुपारपर्यंत वरच्या पायरीवर बसून व्हत्या, सुलोचनानं धपाटे दिले ते खाल्ले. दुपारी रझिया आपा जुना दोर काढायला कोनाड्यात वाकली, पान्याच्या वरचा तो अंधारा कोनाडा, आन किंचाळली. दोन्ही कासवं तिथं. पानी झोंबायला लागलं तशी चढून बसली असतील, आमच्यापेक्षा शहानी. यादम्मानं त्यांना पदरात घेतलं आन मला अशी शिवी दिली तेलुगूत की मी तुम्हाला सांगू शकत न्हाई, पन ती शिवी ऐकून माझ्या जिवात जीव आला, म्हनलो बोलायला तर लागली.

तीन दिवस उपसलं. चौथ्या दिवशी पान्याला वास न्हाई.

पन बावडी गेली असंच मी धरून बसलो. मॅडम गेल्या त्या गेल्या, फोन न्हाई, कागद न्हाई. गल्लीत कुनी मला टाकून बोललं न्हाई, तेच जास्त लागायचं. मी इतवारी पायऱ्यांवर जाईना. महिना गेला असेल, आन एक दिवस यादम्माची पोरगी कागद घेऊन पळत आली, तिनंच वाचला, तेलुगूतून हिंदीत सांगत. पाच वर्षांसाठी बावडी गल्लीच्या हवाली. पाहुने किती, कवा, ते गल्लीनं ठरवायचं. फाटक न्हाई, लाइटी न्हाई. खाली एक अट, पान्यात कुठलीही वस्तू टाकायची तर गल्लीतल्या पाच बायांची सही लागेल. सगळे माझ्याकडं बघून हसले. मी बी हसलो, आन तिथंच दारात बसलो.

आता बरं चाललंय. नवे मासे सोडले, बायांनी सह्या करून सोडले. चष्मेवाल्या बाई परत आल्या दोनदा. मी पायऱ्या झाडतो, मोटेचं सांगतो पाहुन्यांना, पान्याला हात लावत न्हाई. झोप चांगली लागते.

पन एक सांगायचं राहिलं. कागद आला त्या दिवशी जेवताना मी सुलोचनाला विचारलं, तुला कवा कळलं गं मीच टाकली ते. म्हनली, एकतीस वर्षं तुमचे कपडे धुतले, पावडरीचा वास मला कळनार न्हाई व्हय, शनिवारीच कळलं, इतवारी विचारलं ते तुम्ही आपनहून बोलावं म्हनून. म्हनलो, मग मी बोललो नसतो तर तू बोलली असतीस का मॅडमला? ती भाकर मोडत व्हती.

म्हनली, न्हाई. मी बी गप बसले असते. आन मग आपन दोघं बी रोज त्या पायऱ्या उतरलो असतो, एकमेकांकडं न बघता.

बोललो ते बरं झालं ताई. सुटलो आम्ही.