साक्षगंधाले नवरदेव काऊन नाई आला

हॅलो? … हॅलो! … कोन? … जरा मोठ्यानं बोला, इथी बाजूले आटाचक्की चालू हाय… कोन, वच्छला?

अवं वच्छे, तू काय वं! हरिदासभाऊनं दुकानातून हाका मारल्या, चंदाबाई, पोंभुर्ण्याहून फोन हाय म्हने. मी तशीच पळत आली. हाताले पीठ लागून हाय माह्या…

हो… हो… बोल.

अवं पन… हो, आयकून राह्यली. बोल तू. पयले शिव्या देऊन घे, मंग मी बोलतो.

… हो. साठ लोकं. … हो, मांडव. … तुही पोरगी आचल साडी नेसून बसली होती, तीन वाजेपर्यंत. … बुंदी वाया गेली. … हो वं, बुंदीचं मलेबी वाईट वाटते.

हसून नाई राह्यली मी!

झालं? … अजून हाय? … बरं, बोल.

… झालं आता? मंग मले एक सांग. लहानपनापासून आपन एका गावच्या पोरी, म्हनून विचारतो. माहा दीर देवानंद साक्षगंधाले काऊन नाई आला, हे तुह्या घरवाल्यानं तुले काय सांगितलं?

… काय?

… पिऊन पडला होता?

… नदीच्या घाटावर? सकाळी नऊ वाजता?

थांब. मले स्टूल घेऊ दे. हे उभ्यानं सांगायचं काम नाई. … हरिदासभाऊ, सरका जरा. रेडिओ कायले बंद केला? चालू राहू द्या ना… नाई वं, तुले नाई. हा दुकानवाला कान देऊन राह्यला.

हां, बोल. … पिऊन! अवं, तो पोरगा आठ वर्स ऋषिकेशले हाय. गंगेच्या धारेतून, खडकाखडकातून रबराच्या नावेनं लोकाइले नेते. तिथी सकाळी मालक तोंडाचा वास घेते म्हने, मंगच नावेत पाय ठेवू देते. तो पिनार हाय काय?

… हो, कामच हाय ते. ‘पान्यात उड्या मारनारा जावई’ असं तुह्या घरवाल्यानं नाव ठेवलं, माहीत हाय मले. … कोनी सांगितलं म्हंजे? भर बाजारात म्हनला तो. पोंभुर्ण्याच्या बाजारात म्हनलेलं वैनगंगेच्या या काठाले आयकू येते.

आता सुरवातीपासून सांगतो. मधात बोलू नको. … बोलशीलच तू. बरं, आयक.

सांगू दे रे मले! … कोनाशी बोलतो म्हंजे? अवं, देवानंदच बसून हाय बाहेर, बाकड्यावर. मले नको सांगू, नको सांगू करून राह्यला. हात जोडते, पन जोडाले एकच हात हाय, दुसरा गळ्यात बांधला. … हो, गळ्यात. तेच सांगून राह्यली ना मी.

ए, तू चूप बस रे! वचन तू देल्लं, मी नाई देल्लं! … तुले नाई वं, त्याले.

तं त्या दिवशी सकाळी आमी सगळे तयार. जीप सांगून ठेवली होती, पुलावरून फेरा घेऊन यायची. देवानंदनं नवा पांढरा कुर्ता घातला. आन पायतो तं आठ वाजता आमच्या अंगनात कोन? तुहा घरवाला, गुणवंतभाऊजी. डोंग्यानं नदी ओलांडून.

… तुले काय सांगून गेला होता? ‘पाव्हन्याइले घाई करतो’? … घाई नाई वं. तो पोराले शिकवाले आला होता. ‘साठ लोकाइसमोर नाव चालवतो असं नको सांगू. आमचा आजाबी नावच चालवत होता, त्यातून कसेतरी वर आलो आमी. तू म्हन, सरकारी पर्यटन खात्यात साहेब हाय.’

… शप्पथ. माह्या ओसरीवर बसून. माहा चहा पिऊन.

देवानंद उलटून नाई बोलला. एवढंच म्हनला, ‘मामाजी, मी खोटं नाई सांगत. कोनी विचारलं तं नाव चालवतो म्हनूनच सांगन.’ बस. भाऊजी उठले. ‘मंग मी जातो. पाव्हन्याइले काय सांगायचं ते माहं मी पायतो.’ आन तरातरा घाटावर.

आन नदी पाह्यली असती तू! दसरा होऊन गेला तरी वरती कुठीतरी पाऊस पडला असन. पानी गढूळ, चढून राह्यलेलं. दसरूबुवा, आमचा डोंगेवाला, म्हने दोन घंटे थांबा भाऊ. तुहा घरवाला थांबते? सोसायटीचा सचिव ना तो! नदीनं थांबावं त्याच्यासाठी.

मांगून देवानंद पळत गेला, हातात नारंगी जॅकेट. ‘मामाजी, जायचंच हाय तं हे घाला.’ … काय म्हनला असन तूच सांग. … बरोबर! ‘लहान लेकरू हाय काय मी? काठावरचे लोकं हसतील.’ देल्लं भिरकावून. आन आमची मंगली, मासे विकते ती, तिलेबी पल्याड जायचं होतं. पासष्ट वर्साची बाई. तिनं आपलं जॅकेट घातलं, पट्टे आवळले, टोपलं मांडीवर घेऊन बसली. तिले कोनी हसलं नाई.

… जॅकेट कुठले म्हंजे? तुले आचलच्या बोलनीच्या वक्ती सांगितलं होतं ना मी. … तवा तू साड्या पाहून राह्यली होती. बरं. पावसाळ्यात ऋषिकेशच्या नावा बंद राह्यतात, गंगा भरते म्हनून. तवा दरवर्सी हे दोघं घरी येतात, देवानंद आन नागसेन; औंदा साक्षगंधासाठी दसऱ्यानंतरबी थांबले. … नागसेन आमच्याच गावचा, दोघं संगंच गेले होते तिकडं. दुसरे लोकं सुट्टीत झोपतात. हे मालकाकून जुने जॅकेट, दोऱ्या, एक फाटकी रबरी नाव मागून आनतात, ठिगळं लावतात, आन आमाले शिकवतात. बुडनाऱ्याले मांगून कसं धरायचं. धारेत पडलं तं पाय वर करून कसं वाहायचं. दोरी कशी फेकायची.

… हसलेच ना! ढिवराइले पानी शिकवाले आले म्हने! माहा घरवाला, मनसाराम, सख्खा भाऊ, तो तं पोट धरून हसला. मीबी हसली. आमी सात बाया शिकलो, त्या हसत हसतच शिकलो. मंग तालुक्याहून साहेबलोक आले कौतुक कराले. जॅकेट घालून फोटो काढले, भाषन ठोकलं, आन जॅकेट घालूनच जीपमंधी बसून गेले. चार कमी झाले. … मागाले गेलो ना! पावती दाखवा म्हनले. आता आंघोळ करताना घालत असतील.

हो, हो… येतो ना तिकडंच.

डोंगा मधात पोचला. तिथी खडकं हायेत ना, उन्हाळ्यात आमी बाया कपडे वाळवतो ते? त्याइच्यावरून पानी उसळून राह्यलं होतं. दसरूबुवानं बांबू टेकवला, बांबू सटकला, डोंगा आडवा झाला आन खडकाले चिकटला. एका बाजूनं पानी आत. दसरूबुवा आन मंगली डोंग्याले धरून राह्यले. आन तुहा घरवाला उभा झाला.

… हो, उभा! बसा, बसा, सगळा काठ वरडून राह्यला. तो उभाच. आन गेला पान्यात.

… वच्छे? … हाय काय तू? … हां. खाली बस पयले. तो तुह्या घरात हाय ना? जेवून राह्यला ना? मंग वाचलाच ना!

नागसेननं रबरी नाव ढकलली, देवानंद त्या पांढऱ्या कुर्त्यातच चढला. वरून फेरा घेतला त्याइनं. धारेसंग भांडत नाई ते, धारेलेच कामाले लावतात. असं सांगतात, मले तं भेवच वाटून राह्यलं होतं. पयले मंगली आन दसरूबुवाले काढलं. भाऊजी खाली दुसऱ्या खडकाले मिठी मारून. एका हातात थैली. थैली सोडा म्हनलं तं सोडत नाई!

… काय असन? सोसायटीचे कागद म्हने.

देवानंदनं हात देल्ला तवा थैली सुटली, आन दोन्ही हातानं लटकला त्याले. पुरा लटकला. आन त्याच वक्ती नाव खालून सरकली. खांदा निखळला पोराचा. मले काठावर आवाज नाई आला, पन तोंड दिसलं त्याचं. वच्छे, ते तोंड मी अजून डोळ्यासमोरून काढू नाई शकून राह्यली. मी लग्न होऊन आली तवा दहा वर्साचा होता तो. माह्या हातानं जेवला. … आन तरी हात नाई सोडला त्यानं.

धारेनं नाव काठाजवळ आनली, मंग दोरी गेली. … मी फेकली. … हो मी, चंदानं! पयली आखूड पडली. दुसरी बरोबर भाऊजीच्या डोक्यावर. … लागली असन. लागू दे. आमी सात बायाइनं वढला त्याले, रेतीतून फरफटत. सचिव हाय म्हनून काही हलका नाई तो.

… खोटं? मी? … बरं. मंग सांग, तो घरी आला तवा अंगात काय होतं? … चौकडीचा शर्ट. … निळा. … ‘चिखलात पडलो, दोस्तानं देल्ला’ म्हनला? खिसा पाह्यला काय त्याचा? लाल धाग्यानं शिवला हाय. काळा संपला होता माह्याकडला. … जा, पाहून ये. मी थांबतो.

… … …

हरिदासभाऊ, काय पायता? गिऱ्हाईक उभं हाय तुमचं.

… हां, बोल. … लाल हाय ना? … मनसारामचा शर्ट हाय तो. धुऊन पाठवशील.

आन आला कायनं? … जीपनं. ती जीप आमी साक्षगंधासाठी सांगितली होती. आमी नवरदेवाले बैलगाडीत घालून चामोर्शीच्या दवाखान्यात नेलं, आन सासरा आला नवरदेवाच्या जीपनं.

… फोन? केला ना! दुपारी दवाखान्यासमोरून मीच केला. त्यानंच उचलला. ‘समजलं, समजलं, मी सांगतो सगळ्याइले,’ म्हनला आन ठेवला. आमी दोन दिवस वाट पाहून राह्यलो, उद्या कोनी येईल, परवा येईल. आन आला कोन तं तुमचा मानूस, संबंध मोडला म्हनून सांगाले.

काऊन म्हंजे… तूच सांग काऊन. रेतीत पडल्या पडल्या पयला शब्द काय निघाला त्याच्या तोंडून? ‘घरी सांगू नका.’ खोकलून राह्यला, पानी ओकून राह्यला, आन हात जोडून, ‘लोकं हसतील हो.’ आन हा भोळा, खांदा धरून, ‘नाई सांगत मामाजी.’ … आता ज्याच्या हाताले लटकून जीव वाचला, त्याच्यासमोर सासरा होऊन ऐटीत कसं बसावं? जमत नाई ना. मंग त्याले दारूड्या केलं. सोपं पडलं.

… रडू नको. … मी नाई रडून राह्यली, आटा गेला डोळ्यात.

दे ना फोन त्याले. … आत्ता तं जेवून राह्यला होता. … आंघोळीले गेला? जेवता जेवता? … जा, कडी वाजव. नाई, मी नाई ठेवत. आयकू दे मलेबी.

… … हॅलो? वच्छे? … वरडून राह्यली वाटते.

… हॅलो? कोन? … आचल?

अवं बाई… तू कुठी होती? … मांगंच उभी होती? … हो, तुही माय माही एकेक गोष्ट मोठ्यानं म्हनून राह्यली होती खरी.

… नाई माय, आमचा राग नाई तुह्यावर. तुहा काय दोष? … पाय, जबरदस्ती नाई. नाव चालवनाराच हाय तो. उद्याबी तेच करन. वर्सातले दहा महिने तिकडं, दोन महिने इथी, तेबी घरात कमी आन नदीत जास्त. तुले नाई पटत तं…

… काय? … खांदा?

… बसवला वं. डॉक्टरनं तीन हप्ते बांधून ठेवा म्हनलं. … दुखते ना. रातभर कन्हते, आन सकाळी विचारलं तं काही नाई म्हनते. … हो. … हो. … तुमच्याकडून हे विचारनारी तू पयलीच.

… त्याच्याशीच बोलायचं? … आत्ता? … घरी माय वरडून राह्यली, बाप कडी लावून बसला, आन तू… बरं. बरं माय. देतो.

देवा! ये इकडं. … अरे ये ना. कोन म्हंजे? आचल हाय. … हो, तुह्याशीच बोलायचं हाय तिले. … मी काय सांगू, ती काय म्हनते ते तूच आयक. घे. डाव्या हातानं धर. कानाले लाव, असा. आन बोल काहीतरी, नुसता उभा नको राहू.

हरिदासभाऊ, उठा. … तुमचंच दुकान हाय, माहीत हाय मले. उठा, आपन दोघं बाहेर उभे राहू. … चला म्हनतो ना!