जोडरस्त्यावरच्या घागरी

ज्यानं कुणी कागदावर पट्टी धरून ती रेघ ओढली, त्याच्या घरातली घागर कधी रिकामी झालीच नसणार. झाली असती, तर त्यानं वस्ती रस्त्याच्या एका अंगाला आणि विहीर दुसऱ्या अंगाला टाकली असती का? ऐका. भूत येतंय मागनं. आधी हे ऐका.

हा आपला जोडरस्ता. पाटी केवढी! राज्य महामार्ग! आणि रस्ता केवढा? जुन्या घाटरस्त्यावर विडी पेटवावी, ती विझायच्या आत द्रुतगती मार्गाला लागावं. एवढासा. मधे दुभाजक, दोन्ही अंगांनी लोखंडी कठडे. बायांना खालून वाट काढून देतो म्हणाले. दिली का? हसू नका रे, विचारतोय मी. दिली का? पहिल्याच उन्हाळ्यात आपली कृष्णी गेली. पहाटेचा अंधार, डोक्यावर भरली घागर, आणि भरधाव कंटेनर. झालं.

तर ऐका. वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप चालवायचा तो दगडू. त्याची बायको चंद्रा, पहिलटकरीण. दिवेलागण झाली आणि तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे." दवाखाना द्रुतगती मार्गाच्या पलीकडं. दगडूनं चंद्राला मागच्या बाकावर निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आई गोदाई बसली, आणि जीप जोडरस्त्याला लागली.

थोडं पुढं गेला, तर कठड्याशी एक बाई. डोक्यावर घागर. हात वर केलेला.

"दादा, पलीकडं ने."

थांबला नाही. कसा थांबेल? मोरी लागली, उतार लागला, आणि... पुन्हा तीच पाटी! तोच कठडा! बाया आता दोन.

"आई, इथनं आत्ताच गेलो ना गं आपण?"

"तू नीट हाक. तोंड चालवू नकोस."

पुन्हा मोरी. पुन्हा उतार. पुन्हा पाटी! आता बायांची रांग, पार अंधारात गेलेली. घागरी हिंदकळतायत, रस्ता ओला झालाय. आणि समोर द्रुतगती मार्गाचे दिवे, हे एवढे जवळ! दिसतात, पण येत नाहीत.

गोदाई ओरडली, "चकवा लागलाय! थांबव गाडी!"

चकव्याचा नियम माहीत आहे ना? तुम्हाला कुठला! पुढं पाऊल टाकायचं नाही. चपला उलट्या घालायच्या, डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात, आणि उजाडेपर्यंत गप बसायचं. पळत राहिला तो मेला. बापजाद्यांचं सांगणं. पण ते बाजार करून पायी येणाऱ्याला सांगितलेलं रे! ज्याला उजाडेपर्यंत वेळ आहे, त्याला.

"आई, हिला घेऊन बसू कसा?"

"तिघांनी मरण्यापरीस बस. ऐक माझं."

ऐकलं त्यानं. आईचं कोण मोडतो? चपला बदलल्या, स्टिअरिंग धरून बसला. चंद्रा आधी ओरडत होती. मग कण्हायला लागली. मग तेही थांबलं.

"डोळा लागला वाटतं तिचा," गोदाई म्हणाली.

आणि मागून टप टप, टप टप! दगडूनं वळून पाहिलं. गोदाई कोपऱ्यात, दातखीळ बसलेली. आणि चंद्राचं डोकं कृष्णीच्या मांडीवर! आपल्या कृष्णीच्या! घागर कलंडलेली, पाणी गळतंय, आणि खाली ते पाणी लाल.

"दादा," ती म्हणाली, "मला पलीकडं ने."

उतरला तो. उलट्या चपलांनीच. तिचा हात धरला. गार, भिजलेला. कठड्यावरून नेलं, दुभाजकावरून नेलं. एक ट्रक असा घासून गेला की सदऱ्याची बाही फाटून गेली! पण पोचवली तिला. वस्तीच्या अंगाला पोचवली. मागं वळला, तर रस्ता सरळ, मोकळा, एवढासा.

चंद्रा थोडक्यात वाचली. पोर नाही वाचलं. डॉक्टरीण म्हणाली, "जरा आधी का नाही आणलीत?"

ए, काटक्या सार आत, विझेल शेकोटी. आणि ऐका, अजून संपलं नाही. तोवर त्या रस्त्यावर एकटी कृष्णीच मेली होती. मग ती रांग कुणाची? दगडूनं त्यात दोन तोंडं ओळखली होती. सखू आणि मैना. दोघी त्या वेळी आपापल्या घरात भाकरी थापत होत्या. जिवंत! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोघी त्याच कठड्याशी गेल्या. आणि रांग लांब होती म्हणतो. बाकीच्यांच्या तोंडावर पदर होते.

म्हणून सांगतो. अंधार असेल तर त्या रस्त्यावर पाऊल टाकू नका. कुणीही नाही. काही झालं तरी नाही.

दाराशी पारू बसली होती, परवाच सून होऊन आलेली. पदर सारखा करत ती हळूच म्हणाली, "पण आबा, उद्या पहाटे पाण्याला मलाच जायचंय."