शेवटचं टक्कल झाकण्याआधी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या वनाचे व्यवस्थापक साहेब, शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, समोरचे करवतवाले, कुंपणवाले, रोपवाटिकेतल्या ताया आणि दाराशी उभं राहून चहाची वाट बघणारे सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. रोपवाटिकेची मुकादम माझी सख्खी मावशी. तिनंच माझं नाव सुचवलं आणि पायऱ्या चढताना शर्ट ओढून सांगितलं, "गोड बोल. नाहीतर बोलूच नकोस." तिच्याकडे मी चार दिवसांसाठी म्हणून आलो होतो, वर्ष झालं. त्याआधी बोटी रंगवल्या, बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या, एका फिरत्या जादूगाराच्या पेट्या वाहिल्या. त्या जादूगाराचं कबूतर एकदा भर खेळात अध्यक्षांच्याच... असो. अध्यक्ष महोदय, ते अध्यक्ष वेगळे.

तर साहेब. माझ्या आधीचे वक्ते म्हणाले, साहेबांनी हे वन पोटच्या पोरासारखं वाढवलं. अगदी खरं. पोराला अंगणात पाऊल टाकू न देणारे बापही असतातच की!

साहेबांचं झाडांवर प्रेम आहे. इतकं, की दोन झाडांच्या मध्ये ऊन पडलेलं त्यांना बघवत नाही. मोकळ्या जागेला ते 'टक्कल' म्हणतात. जीप थांबवायची, काचेतून बोट काढायचं आणि म्हणायचं, "हे टक्कल झाका." आम्ही झाकायचो. स्वतःच्या डोक्याबद्दल साहेबांचं काय धोरण आहे, हे विचारायची माझी हिंमत नाही. हसू नका, वहिनीसाहेब हसल्या तेवढं पुरे.

पण सरड्याला ऊन लागतं हो. सापाला लागतं, सापसुरळीला लागतं. सकाळी दगडावर पडून अंग तापवल्याशिवाय त्यांचा दिवसच सुरू होत नाही. हा काही माझा शोध नव्हे. शाळेत मी जेमतेम टिकलो, तरी तेवढ्यात हे शिकवून झालं होतं. साहेब तर शेवटपर्यंत शिकले. मग त्यांच्या वनात उन्हाला जागा का नाही?

आणि ढिगांचं काय? आपली पद्धत नव्या पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. थंडीच्या तोंडावर आपण फांद्या छाटतो आणि उरल्यासुरल्या मोकळ्या जागी त्यांचे ढीग रचतो, कारण तिथं त्या लवकर वाळतात. थंडीभर ढीग तसेच. उन्हातली कोरडी, उबदार जागा! कुठलं जनावर नाही म्हणेल? आसपासचं जे काही सरपटतं, ते आत जाऊन झोपतं. थंडी संपता संपता, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, आपण त्याच ढिगांना काडी लावतो. घर आपण बांधून देतो, आत गाढ झोपू देतो, आणि मग पेटवतो. साहेबांच्या सबंध कारकिर्दीत दर वर्षी हे झालं.

या वर्षी मी करवतवाल्या काकांना म्हटलं, "काका, आधी ढीग उपसून बघू या का?"

"उपसायचा होता तर रचला कशाला?"

"आत काही असेल."

"असेल तर पळेल. त्याला पाय नाहीत का?"

"सापाला नाहीत."

सगळे खो खो हसले. काकांवर राग नाही माझा, त्यांना सांगितलेलं काम ते करतात. तेवढ्यात साहेबांची जीप आली. मी म्हटलं, "साहेब, गारठलेल्या जनावराला हलता येत नाही. निदान एक ढीग तरी तसाच कुजू द्या." साहेब म्हणाले, "लोक इथं वन बघायला येतात, कचरा नाही." काडी लागली. नंतर राखेत जळकी वेटोळी निघाली, ती आपण राखेबरोबरच ओढून टाकली. मावशी, तू तिथं होतीस. तूही ओढलीस.

डोळे वटारू नकोस. तूच मला सांगितलंयस, नवी नवी कामाला लागलीस तेव्हा रोपांचे ट्रे उचलण्याआधी झारी आपटायचीस, कारण खाली सापसुरळ्या असायच्या. आता कोण आपटतं झारी? आणि कशाला आपटेल? फाटकावरची 'सापांपासून सावधान' ही पाटी मात्र दर वर्षी रंगवायची असते. या वर्षी मी रंगवली, वरच्या सापाच्या चित्रासकट. या झाडीत मला दिसलेला सगळ्यात ठसठशीत साप तोच.

घंटी वाजवू नका, अध्यक्ष महोदय, मुद्द्यावरच येतोय.

पंपघराच्या मागचा दगडी उतार तेवढा अजून उघडा आहे. झाडं तिथं धरत नाहीत म्हणून वाचला. सकाळी जाऊन बघा, दगडांवर सरडे असतात, आणि एक तपकिरी साप असतो, जाड दोरीसारखा, आपली चाहूल लागली की सावकाश कपारीत जाणारा. सावकाश, म्हणजे जागा आपल्याच बापाची आहे अशा थाटात. वनात मूळचं म्हणावं असं एवढंच उरलंय. आणि आज चहा झाल्यावर आपण सगळे तिकडेच निघालो आहोत. अर्धे दगड उपटून झाले, खड्डे खणून झाले, माती आणून ठेवली. फावड्यांना रिबिनी बांधल्या आहेत. साहेबांच्या नावाचं उपवन लावायचंय!

साहेब, तुमचा आजचा शेवटचा दिवस. तुम्ही एक वाक्य बोललात तर खड्डे बुजतील, दगड परत जागेवर जातील. तुमच्या शब्दाबाहेर इथं कुणी नाही. बोला ना.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं, मागं ऐकू येत नाही. "चार सरड्यांसाठी पाहुण्यांना परत पाठवू?" बरं. आणि? "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. बसवा रे याला खाली."

बसतोच आहे, साहेब. फक्त इथं नाही. त्या उतारावर, खड्ड्यांच्या मधोमध बसतो. माझ्या अंगावर माती टाकायची असेल तर रिबिनीचं फावडं आधी तुम्ही उचला, मान तुमचा आहे.

काय, मावशी? उभी राहून बोल, आता लाजायचं काय राहिलंय?

ऐकलंत? मावशी म्हणते, "तिथं बसलास तर माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

ठीक आहे, मावशी. परत यायला मला तेवढं एकच दार होतं, हे तुला माहीत आहे. तरी बसणार. माझी पिशवी पायरीवर ठेव, मी बाहेरूनच घेऊन जाईन. तुझ्या नोकरीला माझ्यामुळं धक्का लागू नये; साहेब, हिनं मला गोडच बोलायला सांगितलं होतं, सगळे साक्षीदार आहेत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचा आभारी आहे. खुणा होऊनही माईक बंद न करणाऱ्या विजेवाल्या दादांचा जास्त आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वयाचं भान सुटलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. साहेबांना जे लागलं असेल, त्याची मात्र मी माफी मागत नाही. चहा प्या निवांत. मी पुढं होतो.