तारेच्या आतली वाट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईसाहेब आणि वनखात्यातल्या माझ्या सोबत्यांनो,

मी साहेबांचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं माझी मान पुढे आणि कान मागे. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला असावा.

साहेब शिस्तीचे. हरणांची गणती दरवर्षी ठरल्या दिवशी, पाणवठ्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. कुंपण झालं त्या वर्षी चारशे बारा हरणं होती. चार वर्षांत एकशे सहा उरली. गेली कुठे? साहेबांनी आधी कुत्र्यांवर संशय घेतला, मग बिबट्यावर, मग मेंढपाळांवर. शेवटी संशय येऊन थांबला वनरक्षकावर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर. का? तर दादा सारखा म्हणायचा, "साहेब, तार दोन ठिकाणी उघडा." कुंपण साहेबांनी हरणांच्याच रक्षणासाठी घातलेलं. ते उघडा म्हणणारा शिकाऱ्यांना फितूर असणार, नाही का? पुरावा काही मिळाला नाही. संशय पुरला. दादाची नोकरी गेली.

बाईसाहेब, पाणी घ्या, मी फार लांबवणार नाही.

साहेबांना एकट्यांना कशाला बोल लावू? मीही काही कमी नव्हतो. दादाकडे जेवायला गेलो की वहिनीची पाठ वळायची वाट बघायचो आणि पातेल्यावरचं झाकण उचलून पाहायचो, आत कसलं मटण आहे ते. एकदा तिने पाहिलं. पुढे येऊन झाकण नीट लावलं. आत बटाट्याचा रस्सा होता. त्याची लाज मला अजून वाटते.

मग गेल्या उन्हाळ्यात कुंपणालगत गाडी पंक्चर झाली. कुंपणच शेत खातं, असं आपण बोलता बोलता म्हणतो. मी ते चाक बदलताना पाहिलं. तारेच्या आतून, अगदी तारेला घासून, खुरांनी पाडलेली वाट. नजर पोचेल तिथवर. तारेबाहेर गुडघाभर गवत, आत बोडकी जमीन. वाटेवर तीन हरणं मरून पडलेली. अंगावर ना गोळीची खूण, ना दाताची. नुसती हाडं आणि कातडं. बिचारी गवत बघत बघत उपाशी मेली होती. मी म्हणालो, "साहेब, जरा उतरून बघता का?"

साहेब म्हणाले, "तू चाक बघ."

पण साहेब, तुम्ही काच खाली केली होती. बाहेरच्या आरशात मला तुमचा चेहरा दिसत होता. पुढच्याच आठवड्यात तार दोन ठिकाणी उघडली. कागदावर लिहिलं, 'दुरुस्ती'. आणि जागा कुठल्या? दादाने दाखवलेल्याच. यंदाच्या गणतीत बऱ्याच माद्यांमागे पाडसं होती.

आता सव्वाचार झालेत. कार्यालय पाचला बंद होतं, तोवर सही तुमचीच चालते. तुमच्या पुष्पगुच्छाखाली दादाच्या फेरचौकशीचा अर्ज ठेवलाय. शिफारशीची जागा कोरी आहे. दादा शेवटच्या रांगेत बसलाय. येत नव्हता, मीच गाडीत घालून आणला.

कार्यक्रमपत्रिकेत नसतानाही संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या, ती चूक माझी. दादाची चूक नव्हती, एवढं साहेबांनी लिहून द्यावं.

पेन मी आणलंय.