भरीव रबराचा पाय

परदेशी पार्सलच्या खिडकीपाशी मारोतराव कुबडीवर उभ्या असलेल्या बायकोला समजावत होते.

"पोरीनं पाठवलेला पाय भरीव रबराचा आहे. रबरी सामान म्हटलं का ड्युटी जास्त, नकली पाय म्हटलं का कमी."

"मंग तसं लिहून द्या ना जी."

"लिहून चालत नाही वं. ज्याचा पाय, त्याले यावंच लागते."

"आठ महिने उंबरठा नाही ओलांडला मी. तुमच्या कस्टमवाल्यानं ओलांडाले लावला."

"कायद्यापुढं आपलं काय चालते?"

खिडकीतला बाबू म्हणाला, "काका, डॉक्टरची चिठ्ठी पाहून कालच नकली पाय म्हणून पास केलं ना? न्या पार्सल."

"मंग मले काहून आणलं जी?"

"वापस जातानी सक्करदऱ्याचा तलाव लागते वं. घडीभर बसू तिथं."